फाल्गुनातले ढग आणि पक्षीनिरीक्षण: वार ठरवावा, जागा पहाटे ठरवावी

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपण पुण्यात राहता, पक्षीनिरीक्षणाला याच हिवाळ्यात सुरुवात केली आहे आणि सोबत नऊ वर्षांची मुलगी असते. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला जाण्याचे ठरले होते, परंतु 'मेघगर्जनेसह पावसाची शक्यता' असे वाचून आपण बेत रद्द केला आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वच्छ ऊन होते. पुढच्या रविवारी सकाळी आभाळ निरभ्र पाहून आपण निघालात, तर दुपारी तीनच्या सुमारास बोटीत असतानाच सोसाट्याचा वारा सुटला, सरी आल्या, मुलगी घाबरली आणि दुर्बिणीच्या काचेवर आतून वाफ धरली. पाहुणे पक्षी परत जाण्याआधी आपल्या हाती दोन रविवार आहेत, आणि हवामानाच्या अंदाजावर विश्वास ठेवावा की नाही, असे आपण विचारले आहे.

मला वाटते, खरी अडचण अंदाजाच्या खरेखोटेपणाची नाही. आपण चार दिवस आधी एक जागा आणि एक पूर्ण दिवस पक्का केला आणि मग आभाळाला 'हो की नाही' एवढेच विचारले. माघ संपून फाल्गुन लागला की महाराष्ट्राच्या पठारावर आभाळ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते फार तर 'कुठे' आणि 'किती वाजेपर्यंत' एवढे सांगते. म्हणून गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी या दिवसांत एकच पद्धत पाळते: वार आधी ठरवायचा, जागा मात्र दोन-तीन मनात ठेवायच्या आणि त्यांतली कोणती, हे पहाटे चार वाजता ठरवायचे. ही पद्धत कशावर उभी आहे ते सांगते, कारण कारण कळले की आपल्याला माझ्या जागांची गरज राहणार नाही.

या दिवसांतला अवकाळी पाऊस बहुधा दोन गोष्टी एकत्र आल्याने पडतो. उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, वरच्या थरात थंड हवा आणतात आणि त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे येतात. पठाराची जमीन दुपारपर्यंत तापलेली असते. खाली तापलेली ओलसर हवा आणि वर गार हवा, अशी मांडणी झाली की दुपारनंतर ढग झपाट्याने उंच चढतात, विजा होतात आणि कधी गारा पडतात. यातला आपल्या कामाचा भाग म्हणजे वेळ. जमीन तापायला दुपार व्हावी लागते, त्यामुळे असे ढग प्रामुख्याने दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान फुटतात. पहाटेचा पाऊस अगदीच होत नाही असे नाही, पण माझ्या वह्यांमधल्या फेब्रुवारी-मार्चच्या नोंदी चाळल्या तर सकाळी दहाच्या आत पावसाने गाठले असे दिवस अगदी मोजके आहेत. आपल्याला ज्या रविवारी वादळाने गाठले त्या दिवशीही सकाळ कोरडीच होती. आपण सूर्योदयाला बोटीत असता आणि अकराला परतीच्या रस्त्याला लागला असता, तर तेच वादळ आपल्याला घरच्या खिडकीतून दिसले असते.

दुसरी गोष्ट अंदाजातल्या शब्दांची आहे. हवामान विभाग जेव्हा 'तुरळक ठिकाणी' म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला ठरलेला अर्थ असतो: त्या क्षेत्रातल्या एक चतुर्थांशापर्यंत ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक, परंतु निम्म्यापर्यंत. पुणे जिल्हा लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून इंदापूरच्या उसापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे जिल्ह्यासाठी दिलेला 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' हा इशारा भोरला खरा ठरून भिगवणला कोरडा दिवस जाऊ शकतो, आणि त्यात अंदाज चुकलेला नसतो. मी आदल्या रात्री जिल्ह्याचा इशारा पाहते तो कोणत्या रंगाचा आहे एवढ्यासाठी. नारिंगी किंवा लाल असेल तर लांबच्या जागा वगळते. पिवळा असेल तर बेत तसाच ठेवते, फक्त परतीची वेळ अलीकडे ओढते. पहाटे उठल्यावर पुढच्या तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक अंदाज आणि उपग्रहाचे ताजे चित्र पाहते, आणि मग गच्चीवर जाऊन स्वतः आभाळ पाहते. हे शेवटचे पाऊल कृपया टाळू नका. पहाटेची हवा उबदार आणि चिकट वाटत असेल, तारे धूसर दिसत असतील, तर दुपारी ढग चढण्याची शक्यता मी धरून चालते.

आता जागेविषयी, कारण या ऋतूतला खरा आनंद आणि खरा विचार इथेच आहे. हवामान बिघडले म्हणून पक्षी नाहीसे होत नाहीत, ते हलतात. वारा, प्रकाश आणि कीटक ज्या बाजूला सरकतात त्या बाजूला तेही सरकतात. तेव्हा आभाळ जसे असेल तशी जागा निवडायची.

आभाळ भरलेले आहे परंतु वारा पडलेला आहे, असा दिवस पाण्याकाठी घालवावा. नवख्यांना हे उलटे वाटते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी भिगवणजवळ कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या काठावर नऊ-साडेनऊनंतर चिखलावरची हवा तापून थरथरू लागते आणि दोनशे मीटरवरचा पाणपक्षी दुर्बिणीत पाण्यात भिजलेल्या चित्रासारखा दिसतो. ढगाळ दिवशी ही थरथर नसते. पायांचा रंग, चोचीचा बाक, पंखावरची पट्टी असे सारे तपशील दुपारपर्यंत स्पष्ट दिसतात आणि सावली नसल्यामुळे पांढऱ्या पक्ष्यांचे तपशील उन्हात जळून जात नाहीत. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या गुलाबी रंगातल्या छटा मी सर्वांत चांगल्या पाहिल्या त्या ढगाळ सकाळीच. मात्र त्याच दिवशी झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी पांढऱ्या आभाळापुढे काळा ठिपका होतो, म्हणून ढगाळ दिवशी वर पाहण्याचे काम कमी ठेवावे आणि खाली पाहण्याचे अधिक.

भिगवणविषयी आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे अडून पसरलेल्या पाण्यावर, पक्षी कुठे बसतील हे अर्ध्या तासाच्या अवकाळी पावसावर अवलंबून नसते. ते धरणातली पाण्याची पातळी किती उतरली आहे यावर अवलंबून असते, आणि ती मागच्या पावसाळ्यावर व सिंचनाच्या आवर्तनांवर ठरते. पाणी उतरून चिखल उघडा पडला की रोहित आणि शेकाटे, तुतारे, पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी काठाशी येतात. पाणी भरलेले असेल तर ते दूर राहतात. म्हणून निघण्याआधी तिथल्या नावाड्याला फोन करून 'पाऊस आहे का' यापेक्षा 'चिखल किती उघडला आहे' हे विचारावे. त्याचे उत्तर कुठल्याही अंदाजापेक्षा उपयोगी पडते.

वारा जोराचा असेल तर उघडे पाणी आणि माळ दोन्ही सोडून द्यावेत. लाटा उठल्या की लहान पाणपक्षी काठाच्या आडोशाला दडतात, आणि माळावरचा चंडोल गवतातून डोके वर काढत नाही. अशा दिवशी मी सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत जाते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या उतारावर, ओढ्यातल्या उरलेल्या डबक्यांपाशी, पक्षी एका जागी गोळा होतात. मार्चमध्ये ओढे आटत आलेले असतात, त्यामुळे लहानशा डबक्यावरही बुलबुल, माशीमार आणि नशीब असेल तर लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक अंघोळीला येतो. इथे चालण्याची गरज नसते. डबक्यापासून पंधरा-वीस पावलांवर झाडाला टेकून तासभर स्वस्थ बसावे, आणि पाण्याच्या इतके जवळ जाऊ नये की पक्ष्यांना पाणी पिणेच अशक्य होईल. नऊ वर्षांच्या मुलीला स्वस्थ बसणे जमेल का, असे आपण म्हणाल. माझ्या अनुभवात मुलांना रिकामी वाट पाहणे जमत नाही. परंतु 'पाण्यावर कोण किती वेळा आले ते तू लिही' असे काम दिले की जमते.

निरभ्र आणि शांत पहाट मिळाली, तर ती फुललेल्या झाडाखाली खर्च करावी, कारण काटेसावर, पळस आणि पांगारा यांचा एकत्र बहर वर्षातून एकदाच येतो. एखादे चांगले फुललेले झाड शोधावे, सूर्य आपल्या पाठीशी येईल अशा जागी उभे राहावे आणि सूर्योदयापासून दोन तास तिथून हलू नये. भोरड्यांचा, म्हणजे पळसमैनांचा, थवा आधी आवाजाने येतो. गुलाबी आणि काळ्या रंगाच्या त्या पक्ष्यांपैकी एखादा जवळच्या फांदीवर स्थिर झाला, तर त्याचे कपाळ नीट पाहावे. फुलात डोके खुपसून खुपसून तिथे परागांचा पिवळा थर बसलेला असतो आणि नवख्या माणसाला ती वेगळीच जात वाटते. माझ्या फिरण्यात आलेल्या एका मुलाने त्याचे 'पिवळ्या कपाळाची मैना' असे चित्र काढले होते. त्याने पाहिलेले खरे होते, नाव तेवढे सांगायचे राहिले होते. रात्री पाऊस झालेला असेल तर मात्र या झाडांकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये. मध धुतला जातो, फुलांचा सडा खाली पडतो, आणि ऊन पडून नव्या कळ्या उमलेपर्यंत गर्दी ओसरलेली असते.

पावसानंतरची सकाळ माळाची असते. काही वर्षांपूर्वी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सासवडच्या बाजूला आदल्या संध्याकाळी गारा पडल्या होत्या. पहाटे माळ गारठलेला होता आणि ओल्या मातीत बूट रुतत होते. विजेच्या तारेवर वेडे राघू एकमेकांना खेटून बसले होते, इतके खेटून की मोजताना दोनदा चूक झाली. तिसऱ्या वेळी सतरा भरले. त्यांची हिरवी पिसे काळपट दिसत होती. पावणेआठच्या सुमारास ढगांच्या फटीतून ऊन आले, तेव्हा एकेकाने उन्हाकडे पाठ केली, पाठीची पिसे उभी केली आणि मान तिरकी करून डोळे अर्धे मिटून घेतले. दहा मिनिटे तारेवर कसलीही हालचाल नव्हती. मग जमिनीवरून पहिला कीटक उडाला, टोकाचा एक पक्षी झेपावला, परत आला, कीटक तारेवर आपटला, आणि पाहता पाहता रांग मोडली. त्यानंतरचा दीड तास कोतवाल, धोबी, टिटव्या आणि भिंगऱ्या यांनी तो माळ भरून गेला होता. गार हवेत दडलेले कीटक ऊन येताच एकदम वर येतात, आणि रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी त्याच क्षणाची वाट पाहत असतात. तेव्हा रात्री पाऊस झाला म्हणून सकाळी झोपून राहू नका. फक्त ऊन येण्याच्या आधी तिथे पोहोचा. एक काळजी मात्र घ्यावी: मार्चपासून टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालू लागतात. टिटवी आपल्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर छायाचित्रासाठी पुढे न जाता आलेल्या वाटेने मागे फिरावे, कारण गारठ्यात अंडी उघडी पडली तर ती थंड होतात.

शिकारी पक्ष्यांविषयी थोडक्यात सांगते. घार, गरुड, भोवत्या यांना घिरट्या घालण्यासाठी तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत लागतात, त्यामुळे उन्हाच्या दिवशी ते नऊ-दहानंतर आभाळात शोधावेत आणि ढगाळ दिवशी खांबांवर, बांधांवर व एकट्या झाडांवर शोधावेत.

इथवर जे सांगितले त्यात चुकले तर फार तर एक सकाळ कमी पक्ष्यांची जाते. विजा आणि बोट यांच्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे आणि तिथे मी कोणालाही सवलत देत नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या फुगवट्यावर कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ते पाणी शांत असताना तळ्यासारखे दिसते, परंतु त्याचा विस्तार इतका मोठा आहे की वारा सुटल्यावर काही मिनिटांत लाटा उठतात. म्हणून बोट सकाळचीच घ्यावी, जीवरक्षक जाकीट मुलीच्या मापाचे आहे याची काठावरच खात्री करावी, आणि ते नसेल तर बोटीत बसू नये. पश्चिमेला किंवा दक्षिणेला काळा ढग उभा राहिलेला दिसला, किंवा गार वाऱ्याची पहिली झुळूक अंगाला लागली, की पक्षी कितीही जवळ असला तरी बोट वळवायला सांगावी.

विजेसाठी साधा हिशेब आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून तीस सेकंद म्हणजे वीज दहा किलोमीटरवर आहे. तेवढे अंतर असतानाच गाडीत जाऊन काचा बंद करून बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. एकटे झाड, निरीक्षण मनोरा, टेकडीचा माथा आणि पाणी या चारही जागा सोडाव्यात, आणि उभा केलेला ट्रायपॉड जिथे आहे तिथेच राहू द्यावा. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा होत असतील तर सूचना देते. ते फोनवर ठेवावे, परंतु भिगवणच्या काही काठांवर नेटवर्क जाते, त्यामुळे सेकंद मोजण्याची सवय मुलीलाही लावावी.

गारपिटीत पक्ष्यांचे हाल आपल्यापेक्षा फार वाईट होतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिने गहू, द्राक्षे आणि डाळिंबे झोपवली आणि रात्रथाऱ्याच्या झाडांखाली पक्षी मरून पडले. जखमी पक्षी आढळला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन तो दगावतो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि उबेत ठेवावा, वारंवार उघडून पाहू नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दुर्बिणीबाबत: आतून वाफ धरली याचा अर्थ आत ओल गेली आहे. तिला उन्हात ठेवू नका. दोन-तीन दिवस पंख्याखाली आणि नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. वाफ गेली तरी आत जाळ्यासारखे किंवा ठिपक्यांसारखे काही दिसू लागले, तर ती बुरशी असते आणि ती दुरुस्तीवाल्यानेच काढावी. बाहेरची काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, कारण या दिवसांत हवेत धूळ असते आणि ती काचेवर चरे पाडते. आधी फुंकपंपाने उडवावी, मग काचेच्या कापडाने पुसावी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करायला हवे. आपल्याकडे स्वतःची गाडी नसेल तर पहाटे जागा बदलणे अवघड आहे. तसे असेल तर लांबची जागा सोडून सोलापूर रस्त्यावरचे कवडीपाट किंवा शहरातलेच पाषाण तळे आणि वेताळ टेकडी यांतून निवड करावी. हे उत्तर पुण्याभोवतीच्या पठाराचे आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात या दिवसांतली गारपीट अधिक वेळा व अधिक जोराची असते, तिथे मी परतीची वेळ आणखी अलीकडे घेईन. कोकणात हा प्रश्न फार कमी येतो, तिथे दमट उष्मा हीच अडचण असते.

'पाहुणे निघून गेले तर?' या आपल्या काळजीबद्दल सांगायचे तर, एका वादळाने ते निघून जात नाहीत. वाढत जाणारा दिवस त्यांच्या शरीरात परतीची तयारी सुरू करतो आणि अनुकूल वारा मिळाला की ते निघतात. खराब हवा उलट त्यांना चार दिवस थांबवून ठेवते. पट्टकादंब हे हंस मार्चमध्ये जातात, बदकांचे थवे मार्चभर विरळ होत जातात, भोरड्या एप्रिलपर्यंत रेंगाळतात, आणि उजनीवरचे रोहित मे महिन्यातही दिसतात. दरम्यान जे थांबले आहेत त्यांचा पिसारा बदलत असतो: पिवळ्या धोब्याचा मळकट पिवळा रंग झळाळू लागतो, पाणटिवळ्याच्या मानेवर तांबूस छटा चढते. पुस्तकातल्या हिवाळी चित्राशी पक्षी जुळला नाही तर गोंधळून जाऊ नये, दोन्ही चित्रांच्या मधला पक्षी आपल्यापुढे आहे एवढे लक्षात घ्यावे.

तेव्हा हाती असलेल्या दोन रविवारांपैकी जो ढगाळ आणि बिनवाऱ्याचा निघेल तो भिगवणला द्यावा. पहाटे साडेचारला निघून पावणेसातच्या सूर्योदयाला काठावर पोहोचावे आणि साडेदहापर्यंत बोटीतून उतरलेले असावे. दुसरा निरभ्र निघाला तर पळस, वारा असेल तर सिंहगडाची दरी, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सासवडचा माळ. मुलगी गेल्या वेळी बोटीत घाबरली होती, म्हणून या वेळी बोटीत बसण्याआधी तिला काठावर अर्धा तास बसू द्यावे आणि बोटीत जायचे की काठावरूनच पाहायचे हे तिला ठरवू द्यावे. चिखल उघडा असेल तर काठावरूनही शेकाट्यांचे लालबुंद पाय साध्या डोळ्यांनी मोजता येतात.